वही कुणाच्या हातात

“दफ्तर जपायचं ते सरकारदरबारचं. बँकेच्या कागदाचं आयुष्य व्यवहारापुरतं,” मामा म्हणाला आणि पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

गणेशखिंड रस्त्यावरच्या कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारातून मी थेट त्याच्याकडे आले होते. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार तिथे आहे, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असतं. बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, कोलकात्यात. १९३७ साली ती कायमची मुंबईला आली, आणि तिच्या जपण्याजोग्या जुन्या कागदांना ऑगस्ट १९८१ मध्ये घर मिळालं ते आपल्या पुण्यात. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी मामापुढे भरभरून बोलून दाखवला. मामाने ३६ वर्षं बँकेत नोकरी केली. कारकून म्हणून लागला, शाखेचा मॅनेजर होऊन निवृत्त झाला. कुठल्या बँकेत, ते लिहायचं नाही अशी त्याची अट आहे. आमचा सगळा वाद त्या एका अटीत आधीच होता, हे मला उशिरा कळलं.

“अगं, रिझर्व्ह बँकेचं वेगळं. ती धोरण ठरवते, धोरणाचे कागद हवेतच. मी म्हणतोय ते आमच्यासारख्या बँकांचं. लोकांच्या पैशाचं.”

“मीही लोकांच्याच पैशाचं म्हणतेय. महाराष्ट्र बँक घे.”

“घेतली. १६ सप्टेंबर १९३५ ला नोंदणी, ८ फेब्रुवारी १९३६ ला पुण्यात कामकाज सुरू. अधिकृत भांडवल १० लाख. पुढाकार प्रा. वा. गो. काळे आणि डी. के. साठे यांचा. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही एक, कारण ठेवी ५० कोटींच्या वर. शिवाजीनगरला लोकमंगल, बोधचिन्ह दीपमाळ. झाला की इतिहास!”

हे त्याने एका दमात म्हटलं. बढतीच्या परीक्षेला पाठ केलेलं असावं. मला त्यातलं एक अक्षरही खोडायचं नव्हतं.

“या तारखा कोनशिलेवर मिळतात, मामा. मला कोनशिलेच्या आतलं हवंय.”

काळ्यांचंच बघा. फर्ग्युसनमधला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९२३ साली नेमलेल्या पहिल्या जकात मंडळाचा सभासद. देशी पोलादाला संरक्षण द्यायचं की नाही हे ज्या तिघांनी तपासलं त्यांतला एक. टाटांच्या भट्ट्यांचा हिशेब पाहिलेला हा माणूस बारा वर्षांनी लहान कारखानदारांच्या आणि पेठेतल्या पगारदारांच्या पैशाची बँक काढायला बसतो. नाव ठेवतो ‘महाराष्ट्र’, आणि नकाशावर तर महाराष्ट्र नावाचं राज्य नाही. मराठी मुलूख मुंबई इलाख्यात, निजामाकडे आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात वाटलेला आहे, राज्य व्हायला अजून २५ वर्षं आहेत. राज्याच्या आधी त्या नावाची बँक झाली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि ती नुसत्या तारखांच्या यादीत दिसत नाही.

“१९३६ च्या फेब्रुवारीत त्या काउंटरपुढे कोण उभं राहिलं?” मी विचारलं. “कर्ज कशासाठी मागितलं? तारण काय दाखवलं? कुणाला नाही म्हटलं आणि का? बँकेने काय नाकारलं त्यावरून मला बँक कळेल.”

“आणि ज्याला नाकारलं त्याच्या नातवाने ते वाचायचं?” मामाने चहाचा कप खाली ठेवला. “त्याला विचारलंस?”

मी गप्प झाले. मामा मात्र आता बोलायला लागला होता.

“काउंटरवर माणूस येतो तेव्हा घरातलं सगळं घेऊन येतो. मुलीचं लग्न, भावाशी फाटलेलं, दुकान बसलेलं. बायकोला न सांगितलेलं तो मॅनेजरला सांगतो, कारण सांगितल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. आम्ही नोकरीला लागताना गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करतो. १९७० च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात कलम १३ आहे, ग्राहकाचे व्यवहार बाहेर सांगायचे नाहीत. त्यात कुठे लिहिलंय की माणूस मेला की प्रतिज्ञा संपली?”

“मग कागद फाडायचे?”

“नियमाने फाडायचे. १९८५ चे नियम आहेत. काही कागद पाच वर्षं, लेजर वगैरे आठ वर्षं. मी स्वतः उभं राहून फाडून घेतलेत. दफ्तरी बंडलं खाली आणायचा, मी यादीवर खूण करायचो.”

दफ्तरी. हा हुद्दा बँकेत खरोखर असतो. नोंदी लावायच्या, बंडलं बांधायची, मागितलेलं व्हाउचर शोधून आणायचं हे त्याचं काम. मामाच्या शाखेतला दफ्तरी दिवसाची व्हाउचरं एकावर एक ठोकून सरळ करायचा, दाभणाने तीन भोकं पाडायचा आणि सुतळी ओवून अशी गाठ मारायचा की पान ओढलं तरी निघू नये. वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर निळ्या शाईत तारीख. लेजर तर दोन हातांनी उचलायचं, कोपऱ्यांना कातडी पट्टी. पान भरलं की तळाशी बेरीज आणि ‘पुढे नेले’, दुसऱ्या पानाच्या माथ्यावर ‘मागून आणले’. महिनाअखेर बॅलन्सिंगला एका रुपयाचा फरक लागला तरी रात्रीचे अकरा वाजायचे. हे मामा सांगतो तेव्हा त्याची बोटं टेबलावर उभ्या रकान्यातून खाली उतरत असतात. असा माणूस कागदाचा वैरी असूच शकत नाही, म्हणून तर त्याचं म्हणणं मला सहज झटकता येत नाही.

“आता माझं ऐक,” मी म्हटलं. “१९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. तो नुसत्या मंत्रालयांना लागू नाही, केंद्र सरकारच्या ताब्यातल्या महामंडळांना आणि उपक्रमांनाही आहे. २५ वर्षांहून जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने तपासायचे, कायम ठेवण्याजोगे बाजूला काढायचे. पण आठव्या वर्षी फाडलेला कागद पंचविसाव्या वर्षी कुणाला दाखवणार?”

“ठेवण्याजोगे, असं म्हणतेस. संचालक मंडळाची इतिवृत्तं ठेवा, परिपत्रकं ठेवा. कोण नाही म्हणतंय? खातेदाराचं लेजर कशाला?”

“कारण गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दफ्तरातून निवडून ४५ खंड काढले, त्यात बहुतेक भर राजकारणावर. स्वाऱ्या, तह, वाड्यातल्या मसलती. त्या काळाला तेच महत्त्वाचं वाटलं. पण दफ्तराचा मोठा भाग कशाचा आहे? हिशेबाचा. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिवेकरांनी १८०५ ते १८३० या काळातल्या पुणे भागातल्या किमती आणि मजुरी यांवर पुस्तक केलं. पेशवाई बुडाली तेव्हा गवंड्याला रोज काय मिळत होतं, हे लढाईच्या पत्रात सापडत नाही, रोजच्या खर्चाच्या टिपणात सापडतं. एखाद्या हुशार दफ्तरदाराने ‘हे काय, भाजीपाल्याचे हिशेब’ म्हणून ते कागदांचे रुमाल जाळले असते तर?”

मामा यावर काही बोलला नाही. मी लगेच आजोबांची गोष्ट काढली. ती वादात वापरायला नको होती असं आता वाटतं.

आजोबांचं नारायण पेठेत किराण्याचं लहान दुकान होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मामा नऊ वर्षांचा. पाणी ओसरल्यावर दुकानात गूळ, चिखल आणि उधारीच्या वह्यांचा लगदा एकत्र झाला होता. पासबुकाची पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. आजोबा ती वीट पंच्यात गुंडाळून बँकेत घेऊन गेले. बँक उंचावर होती, तिथे पाणी चढलं नव्हतं. कारकुनाने लेजर काढलं, पानावर बोट ठेवलं आणि ४१२ रुपये शिल्लक आहेत असं सांगितलं. आजोबा तिथेच खुर्चीत बसले आणि रडले. दुकान पुन्हा उभं राहिलं ते त्या ४१२ रुपयांवर. मामा बँकेत गेला तो त्या दिवसामुळे, असं आजी सांगायची.

“बरोबर,” मामा शांतपणे म्हणाला. “पण ती नोंद आठ वर्षांच्या आतली होती.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“तुला कागदाचं इतकं प्रेम आहे ना, तर सुप्याला जाऊन ये,” तो पुढे म्हणाला. “आपल्याच जिल्ह्यात. १२ मे १८७५, बाजाराचं गाव. शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी काय मागितलं? वह्या आणि कर्जरोखे. आणि ते जाळले. तिथून दंगा पुण्या-नगरच्या तीसेक गावांत पसरला. त्यांना ठाऊक होतं की आपल्या गळ्यातला फास त्या कागदाचा आहे. कर्जाची नोंद म्हणजे तुला इतिहास वाटतो, कारण तू कधी कर्जात बुडाली नाहीस. ज्याचं नाव वहीत आहे त्याला वही संपलेलीच हवी असते.”

हा मामाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि मी तो कित्येक दिवस डोक्यात घेऊन हिंडले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले ते एकाच गोष्टीसाठी.

“मामा, सुप्याच्या वह्या जळल्या. मग तिथे काय झालं ते आज तुला कुठून कळलं?”

“कुठून म्हणजे? पुस्तकातून.”

“आणि पुस्तकात ते आलं दंग्याच्या चौकशीला नेमलेल्या आयोगाच्या कागदांतून. त्यात मिरजगावच्या, कर्जत तालुक्यातल्या एका रयतेचा नगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज आहे. तो सांगतो की सावकार कापड आणि धान्य आम्हाला रोखीच्या भावापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के चढं लावून देतात. शेतातला माल घेऊन जातात, खात्यावर जमा करतो म्हणतात आणि करत नाहीत. आणि मामा, शेवटी त्याची तक्रार काय आहे ऐक. नेलेल्या मालाची ते पावती देत नाहीत.”

मामा खुर्चीत पुढे सरकला.

“तो पावती मागतोय,” मी म्हटलं. “सगळ्या वह्या सावकाराच्या घरात, सावकाराच्या अक्षरात, आणि कुणब्याच्या हातात एक चिठोरं नाही. म्हणून आग लागली. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. त्यात काय घातलं? शेतकऱ्याने मागो न मागो, सावकाराने पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यायची, मागितलं तर वर्षाचा हिशेब द्यायचा, पासबुक भरून द्यायचं. आजोबांनी पंच्यात गुंडाळून नेलं ना, ते पासबुक. ते आपल्या जिल्ह्यात कायद्याने आलं ते सुप्याच्या राखेतून आलं.”

कायद्याने सावकारी संपली नाही, कुणबी सुखी झाला नाही, हे मला माहीत आहे. साक्षरता नसलेल्या मुलखात लेखी पावतीचा उपयोग किती, हाही प्रश्न आहेच. पण वही दोन्ही हातांत असली पाहिजे, हे त्या वेळी कायद्याच्या भाषेत मान्य झालं. बँकेचं अभिलेखागार हवं असं मी म्हणते तेव्हा मला हेच म्हणायचं असतं. आज बँकेचा इतिहास बँक लिहिते, आपल्या कागदांवरून, आपल्या वर्धापनदिनाला. खातेदाराच्या बाजूने तो लिहायचा तर खातेदाराचे कागद उरले पाहिजेत आणि बँकेबाहेरच्या माणसाला ते कधीतरी उघडता आले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचा पहिला खंड १९७० साली निघाला, अभिलेखागार ११ वर्षांनी उभं राहिलं. आधी इतिहास, मग दफ्तर. पण दफ्तर उभं राहिलं हे महत्त्वाचं. स्टेट बँकेने कोलकात्यात आपलं उभं केलं, आणि अमिय कुमार बागचींसारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्या बँकेच्या पूर्वजांचा इतिहास खंडाखंडांनी लिहिला.

“आणि ज्यांचं उभं राहिलंच नाही त्यांचं काय?” मी विचारलं. “सांगली बँक १९१६ ची, २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची, महाराष्ट्र बँकेच्याच वयाची, २००६ साली आयडीबीआयमध्ये. कुरुंदवाडची गणेश बँक १९२० ची, तीही २००६ साली फेडरल बँकेत. ठेवीदारांचे पैसे वाचले, हे चांगलंच झालं. पण हळदीच्या, गुळाच्या, उसाच्या पट्ट्यात सत्तर-नव्वद वर्षं कुणी कुणाला कशावर पैसे दिले, हे विचारायला त्या नावाचं दारसुद्धा आता गावात नाही.”

मामाला हे लागलं. त्याचे दोन-तीन मित्र त्यांतल्या एका बँकेत होते. तो उठला, गॅलरीत जाऊन आला.

“समज, ठेवले कागद,” तो म्हणाला. “नावं झाकून देणार ना तू?”

“हो. जनगणनेत नाही का, तुझ्या घरचा तक्ता कुणी बघत नाही, बेरजा बघतात. साठ-सत्तर वर्षं नावं बंद ठेवा.”

“खेड्यात नाव झाकून माणूस झाकला जात नाही गं. सुतारकाम, एक पाय अधू, दोन लग्नं, कर्ज थकलं. सांग, नाव कशाला हवं? त्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.”

मला हे पटलं, आणि ते इथे लिहायलाच हवं. हॅरल्ड मान नावाचा पुण्याच्या शेती कॉलेजचा प्राचार्य होता. त्याने पिंपळे सौदागर या गावाची घराघराने पाहणी केली आणि १९१७ साली पुस्तक काढलं. जमिनीचे तुकडे, उत्पन्न, खर्च, डोक्यावरचं कर्ज, सगळं. आज तिथे पंधरा-वीस मजली इमारती आहेत आणि प्रत्येक मजल्यावर गृहकर्जाचा हप्ता. मानने ते केलं नसतं तर त्या जागी कधी कर्जबाजारी कुणबी राहत होते हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण त्यांतल्या एखाद्या घराच्या पणतवाने ते पुस्तक उघडलं तर त्याला काय वाटेल, हे मी मामाने विचारेपर्यंत कधी मनात आणलं नव्हतं.

“आणि आता तर कागदच नाही,” मामा म्हणाला. “सगळं संगणकात. फाडायला दफ्तरी लागत नाही. यंत्रणा बदलली, जुनी माहिती नव्यात घेतली नाही, की झालं. कुणी यादीवर खूणसुद्धा करत नाही.”

हे बोलताना त्याचा आवाज फाडणाऱ्याचा नव्हता.

मग बराच वेळ आम्ही अर्थशास्त्रज्ञ गाडगिळांबद्दल बोललो. ते पुण्याचे, गोखले संस्थेचे. राष्ट्रीयीकरणानंतर त्यांच्याच अभ्यासगटाने सुचवलं की जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम वाटून घ्यावं, आणि डिसेंबर १९६९ मध्ये लीड बँक योजना आली. पुणे जिल्हा महाराष्ट्र बँकेकडे. मामा नोकरीला लागला तो या धामधुमीत, १९७३ साली. दोन वर्षांचा कारकून, पण साहेबांबरोबर गावोगाव हिंडायचा, फॉर्म भरायचा. १९७२ च्या योजनेतलं चार टक्के व्याजाचं कर्ज तेव्हा नवं होतं, अगदी गरिबांसाठी.

“एक बाई होती,” तो एकदम म्हणाला. “शिवणयंत्रासाठी आली होती. सही येत नव्हती, अंगठा. मी तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला, तर म्हणाली, माझा मी उमटवते. दर महिन्याला यायची. पदराची गाठ सोडून नाणी काउंटरवर मांडायची, चळत करून. मी मोजायच्या आधी तिची मोजून झालेली असायची. शेवटचा हप्ता भरला तेव्हा म्हणाली, पासबुकात लिहा, संपलं. मी लिहिलं. म्हणाली, वाचा. वाचलं. पुन्हा वाचा म्हणाली. रांगेतले लोक हसायला लागले, पण मी पुन्हा वाचलं.”

“मग?”

“मग तिने तिच्या अंगठ्याचा कागद मागितला. वचनचिठ्ठी. फेड झाली की आम्ही ती रद्द करून परत देतोच. दिली.”

“जाळली असेल.”

“मलाही तेच वाटलं. सुपं काही लांब नाही तिथून. पण नाही. तिने ती चार घड्या करून पासबुकात ठेवली. मुलाला दाखवीन म्हणाली.”

बाहेर सातची गाडी कचरा घ्यायला आली होती, तिची घंटा वाजत राहिली. मी पिशवीतून वही काढली.

“नाव काय होतं?”

“नाव नाही.”

“गाव?”

“लिहू नकोस.”

“बरं, साल?”

तो थांबला. बोटं टेबलावर रकान्यातून खाली उतरली.

“१९७४ ते ७६. रक्कम ६०० रुपये. हप्ते चोवीस,” मामा म्हणाला. “एकही चुकला नाही. हे मात्र लिही.”